बंडीभर माणसं

जिप्सीत सहा माणसं बसतात. आम्ही सात होतो.

हा हिशेब बुकिंगच्या वेळीच कळला होता, पण घरात कोणी तो मोठ्याने मांडत नव्हतं. मी, माझा नवरा, पुण्याहून आलेली धाकटी बहीण, तिचा नवरा, दहा वर्षांचा भाचा, सहा वर्षांची भाची आणि आई. गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मोहर्ली गेटवर उभे होतो तेव्हा शेवटी आईनेच शाल डोक्यावरून घेत विषय संपवला. "तुम्ही जा जी. मी इथंच बसते. वाघाले मी काय इचारू, आन् तो मले काय सांगल?"

धाकट्या जावईबापूंनी थोडा आग्रह करून पाहिला. आई तोवर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलीसुद्धा होती.

मी चंद्रपूरला राहते. ताडोबा घरापासून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे दिवाळी आली की पाहुणे येतात आणि पाहुणे म्हणजे सफारी, हे ठरलेलं. माझ्या वाट्याला दरवर्षी तीन कामं येतात: ऑनलाइन बुकिंगसाठी महिनोन् महिने आधी टपून बसायचं, मंगळवारी जंगल बंद असतं हे प्रत्येकाला चारचारदा सांगायचं, आणि वाघ दिसला नाही तर चेहरा असा करायचा की जणू माझ्याकडूनच काही राहिलं.

ताडोबाच्या आत मोबाइल नेता येत नाही. हा नियम ज्याने केला त्याला माझ्याकडून एक नारळ. पहिली दहा मिनिटं भाच्याचे हात खिशाकडे जात राहिले, मग त्याला आजूबाजूचं दिसायला लागलं. आमची गाइड जवळच्याच गावातली तरुण मुलगी होती. खाकी शर्ट, कानात रिंगा, आणि बोलताना नजर मात्र सतत रस्त्याकडेच्या मातीवर. पगमार्क दाखवताना ती हाताने नाही, हनुवटीने दाखवायची. पांढऱ्याफटक सालीचं एक झाड आलं. रात्री चांदण्यात ते उठून दिसतं म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात, एवढं तिने सांगितलं आणि पुढचा अर्धा तास भाचीला प्रत्येक झाड भुताचंच दिसत होतं.

रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. ते गोंड राजांच्या काळचे. खांबांतून दोर ओवलेला असे, दोराला घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी निघाली की निरोप घंटेघंटेने पुढे जाई, अशी इथे समजूत आहे. भाचा म्हणाला, "म्हणजे तेव्हा मोबाइल चालायचा." गाइड हसली. अख्ख्या सकाळीत ती मोकळेपणाने हसली ती एवढीच.

ताडोबा तलावाच्या काठी आलो. मगर कडेच्या गाळात ओंडक्यासारखी पडली होती. पलीकडे झाडीत तारूचं ठाणं. तारू हा इथल्या एका गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. त्याच्याच नावावरून तलाव आणि मग जंगल. १९५५ साली महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आलं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. हे सगळं पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर नसतं ते हे की या तलावावर पौषात आदिवासींची जत्रा भरत आली आहे. बायकापोरं, म्हातारेकोतारे, सगळे. जंगलातली माणसं तारूच्या पाया पडायला यायची आणि वाघाशी त्यांचं जे काही चालायचं ते त्या पाया पडण्यात येऊन जायचं. आता संरक्षित जंगल म्हटल्यावर त्यावर बंधनं आली. ती का आली हेही कळतं. तरी मला त्या ठिकाणी दरवेळी वाटतं की या जंगलातली पहिली कौटुंबिक सहल जिप्सीतून आलेली नाही.

वाघ दिसला. म्हणजे कुठल्यातरी वळणावर गाड्यांची रांग लागली, मागच्या गाड्या पुढे घुसायला लागल्या, कोणीतरी "डावीकडे, डावीकडे" असं कुजबुजलं आणि गवतात पिवळंकाळं काही हललं. जेमतेम अर्धा मिनिट. बहिणीला पाठ दिसली, जावईबापूंना शेपूट. भाचीला विचारलं, तुला काय दिसलं? ती म्हणाली, "पुढच्या गाडीतल्या काकांची टोपी."

हे हसण्यावारी नेता येईल, पण २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाची वाघीण आणि तिची पिल्लं जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरली होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ताडोबातली माया वाघीण २०२३ च्या पावसाळ्यानंतर दिसेनाशी झाली तेव्हा तिच्यासाठी हळहळणाऱ्यांमध्ये देशभरातली मुलं होती, कारण त्यांनी तिचे व्हिडिओ पाहिले होते. नाव ठेवलं की माया लागते. आणि नाव ठेवलं की रांगही लागते.

बाहेर आलो तर आई टपरीवाल्या बाईबरोबर लसूण सोलत बसली होती. चार तासांत तिने जे गोळा केलं होतं ते आम्ही सहा जणांनी मिळून केलं नव्हतं. ती बाई मूळची गाभा क्षेत्रातून उठवलेल्या एका गावातली. नवेगाव, जामनी अशी गावं बाहेर आली, त्यांतलंच एक. नव्या जागी शाळा जवळ, दवाखाना जवळ, पण मोहाची झाडं मागे राहिली. मोह वेचायला पहाटे जायचं तर आता एकटीने जात नाहीत, चार-पाच जणी मिळून, मोठ्याने बोलत. तिच्या नात्यातली एक बाई तेंदूपानाच्या हंगामात गेली ती परत आलीच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात अशी घरं जागोजागी आहेत. वाघ वाढले याचा आनंद मलाही आहे. पण आमच्याकडे "वाघ दिसला का?" हा प्रश्न दोन प्रकारे विचारला जातो आणि दोन्हींचा सूर अगदी वेगळा असतो, हे पाहुण्यांच्या पोरांना कधीतरी कळायला हवं.

गाडीत बसताना आई म्हणाली, "आता उरलेल्या दिवसाचं मी सांगते. सगळे मावतीन तिथंच जाऊ."

आईचं माहेर झाडीपट्टीतलं, वडसा-आरमोरीकडचं. तिच्या लहानपणी फिरायला जाणं म्हणजे बैलांची बंडी. खाली तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, वर सतरंजी, त्यावर घर. घरातलं कोणी मागे राहायचं नाही, कारण बंडीत किती माणसं मावतात हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. मार्कंड्याची महाशिवरात्र, चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, महाकाली, गावोगावची मंडई: सगळं बंडीतून. हे ऐकत मी गाडी चालवत होते आणि मनात एकेक ठिकाण येत होतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांमध्ये घरादाराने जायच्या जागा तेव्हापासून ठरलेल्याच आहेत. आम्ही त्या पाहुण्यांना दाखवत नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी आईने चंद्रपूर गावापासूनच सुरुवात केली. जटपुरा गेटजवळ, रहदारीच्या अगदी मधे, हॉर्नच्या गदारोळात तिने नातवंडांना खांडक्या बल्लाळशाहची गोष्ट सांगितली. राजाच्या अंगाला फोड. झरपट नदीच्या पात्रात एका खड्ड्यातलं पाणी लागलं आणि फोड गेले. पुढे एक दिवस शिकारीला निघालेल्या राजाला उलटंच दृश्य दिसलं: कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा पुढे पळणाऱ्या कुत्र्याचा पाठलाग करतोय. राणी म्हणाली, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने तट बांधा. तो हा परकोट. सुमारे अकरा किलोमीटरचा, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही दारांची नावं आणि खिडक्यांची त्याहून गमतीची: बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसण. भाच्याला चोर खिडकीच पाहायची होती, अर्थातच.

दारांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. गोंड राजांचं हे चिन्ह. मुलांना कामाला लावायचं असेल तर सांगावं, शहरात असे किती सिंह आहेत ते मोजा. तट कितीतरी वर्षं झाडाझुडपांत आणि कचऱ्यात दडलेला होता. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून रोज पहाटे श्रमदान करून तो मोकळा केला. आज त्याच्यावरून चालता येतं ते त्यामुळे.

मग अंचलेश्वराजवळ बीरशाहची समाधी. नवऱ्याच्या आठवणीसाठी राणी हिराईने बांधलेली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेला ताजमहाल, असं चंद्रपूरकर अभिमानाने सांगतात. आई तेवढ्याने थांबत नाही. तिला हिराईने महाकालीचं देऊळ बांधलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. चैत्रात त्या देवळाला नांदेड-परभणीपासून आणि तेलंगणातूनही माणसं येतात. स्टेशनपासून देवळापर्यंत रस्त्याच्या कडेला चुली पेटतात आणि शहर काही दिवसांपुरतं मराठवाड्याचं होतं. ऊन तेव्हा चाळिशी पार केलेलं असतं. लहान मुलं घेऊन त्या गर्दीत जा असं मी म्हणणार नाही. पण ते लोक लहान मुलं घेऊनच येतात.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ कुठे गेला तर लालपेठकडच्या त्या आडव्या पडलेल्या मूर्तींपाशी. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याला म्हणे अवाढव्य देऊळ उभारायचं होतं. मूर्ती कोरून झाल्या, देऊळ काही झालं नाही. त्यातली दहा तोंडांची दुर्गा सुमारे २६ फूट लांब आहे, जमिनीवर उताणी. लोक तिला सरसकट रावण म्हणतात. भाची तिच्या पायापासून डोक्यापर्यंत चालत गेली, पावलं मोजली, मग तोंडं मोजली, मग हात. परत येऊन म्हणाली, "हिला उभं का नाही केलं?" आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही नीट उत्तर देता आलं नाही. तिकीट नाही, रांग नाही, गाइड नाही. पाऊण तास दोन्ही पोरं तिथे रमली. सफारीत दर दहा मिनिटांनी "अजून किती वेळ" विचारणारी हीच पोरं.

वरोऱ्याच्या आनंदवनाबद्दल फार लिहीत नाही, मराठी वाचकाला ते माहीत असतं. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये या भांडवलावर बाबा आमटे आणि साधनाताईंनी ते उभं केलं. एवढंच सांगते की मुलांना तिथे नेताना "बघा, किती दुःख आहे" असा सूर लावू नये. तिथे माग चालतात, शेती पिकते, दुकानात वस्तू विकत मिळतात. मुलं पायपुसणं विणणाऱ्या हातांकडे पाहतात, मग बोटांकडे पाहतात आणि आपलं आपण समजतात.

गडचिरोलीकडे निघालो तेव्हा जावईबापूंनी हळूच विचारलं, "तिकडे सेफ आहे ना?" हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्यांना फक्त नक्षली चकमकींच्या बातम्यांतून माहीत. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. पण आता रस्ते आतपर्यंत गेले आहेत. २०२५ च्या पहिल्या दिवशी अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. आजची भीती विचाराल तर ती खनिजाच्या ट्रकांची. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडचं लोहखनिज वाहणारी रांग समोरून येते, धूळ उडते आणि लहान गाडीवाल्याने खड्डा निवडायचा की ट्रक, एवढंच उरतं. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं, टाकी चंद्रपूर-गडचिरोलीतच भरून घ्यायची आणि मच्छरदाणी विसरायची नाही. हिवताप इथे अजून आहे.

वाटेत मार्कंडा. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते म्हणून जागा पवित्र. नदीकाठी देवळांचा पुंजका आहे. मूळची चोवीस होती म्हणतात, उभी आहेत त्याहून कमी. मुख्य देवळाच्या मंडपावर अठराव्या शतकात वीज पडली, गोंड राजांनी डागडुजी केली. आपल्या काळातल्या दुरुस्तीचं काम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलेलं आहे आणि लोकांना ते खटकतं. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात या शिल्पांची तारीफ केली तेव्हापासून "विदर्भाचं खजुराहो" हे बिरुद चिकटलं. मला ते आवडत नाही. मार्कंड्याने मार्कंडाच असावं. शिवाय हे बिरुद ऐकून आलेल्या आईबापांची काही भिंतींपुढे जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. आमच्याकडे तसं झालं नाही, कारण पोरं पाण्यात होती.

आई पायरीवर बसली. नदीकडे बोट करून म्हणाली, इथं आम्ही बंड्या सोडायचो. शिवरात्रीला वाळूवर हजारो बंड्या, बैलांच्या गळ्यातल्या घाटा, रात्रभर चुली. तिची आजी वाळूत वीतभर खड्डा करायची, त्यात झिरपून आलेलं निवळ पाणी वाटीने तांब्यात भरायची. "असं," म्हणून आईने हात घातला आणि खरंच, दोन मिनिटांत खड्ड्यात स्वच्छ पाणी. भाचीने मग सगळा काठ खड्ड्यांनी भरून टाकला. तासभर गेला. आलापल्लीला पोहोचायला त्या दिवशी अंधारच पडला, माझ्याच नियमाचा भंग.

आलापल्लीचं सागवान जगात नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलंच. पण लाकूड झालेला सागवान पाहणं वेगळं आणि उभा सागवान पाहणं वेगळं. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचा सुमारे सहा हेक्टरचा तुकडा न तोडता राखला आहे. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. आत गेलं की आवाज बदलतो. आम्ही सातांनी हातात हात धरून एका सागाला वेढा घालून पाहिला. आईचा हात माझ्या हातात होता, खरबरीत, त्या सालीसारखाच. वर पाहिलं तर शेंडा दिसेना.

तिथून कमलापूर. सिरोंचा वनविभागातला हा हत्ती कॅम्प, राज्यातला एकमेव. पूर्वी हे हत्ती लाकडं ओढायचे. आता ते काम उरलं नाही. रात्री ते जंगलात चरायला सोडलेले असतात, सकाळी माहूत साखळीच्या खुणा काढत जातो आणि त्यांना घेऊन येतो. मग तलावात आंघोळ, मग खाणं. दर हिवाळ्यात त्यांना काही दिवस रजा असते. त्या दिवसांत वनौषधींच्या लेपाने त्यांच्या पायांना शेक देतात आणि पर्यटकांना प्रवेश नसतो. "हत्तींना सुट्टी?" भाच्याला हे इतकं पटलं की त्याने परत गेल्यावर शाळेत हा मुद्दा मांडायचं ठरवलं. २०२२ मध्ये इथल्या हत्तींना गुजरातेत हलवायच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले होते. कमलापूरचे हत्ती राहिले. एका माहूताला मी म्हटलं, तुमच्या हत्तींना कोणी नेलं नाही, बरं झालं. तो म्हणाला, "आमचे कुठं जी? आम्ही त्याइचे."

हेमलकसा आलापल्लीपासून साठेक किलोमीटर आत. २३ डिसेंबर १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा या वाटेवर रस्ता असा नव्हताच. तो उभा करणाऱ्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यावरचा सिनेमा बहिणीने पाहिलेला. मुलांना फक्त प्राणी माहीत. त्यांना मी माकडाची गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या काळात काही माडिया आदिवासी शिकारी मेलेलं माकड काठीला बांधून नेत होते आणि त्याच्या छातीला जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं. बबली तिचं नाव. शिकार पोटासाठी होती, म्हणून बदल्यात धान्य दिलं. तिथून प्राण्यांचं अनाथालय वाढत गेलं. या गोष्टीतली मला आवडणारी जागा ही की डॉक्टरांनी शिकाऱ्यांना उपदेश केला नाही.

भाची बिबट्यापुढे बराच वेळ उभी होती. "हा बाहेर का नाही जात?" लहानपणापासून माणसात वाढलेलं जनावर जंगलात परत जगू शकत नाही हे तिला पटायला वेळ लागला. पूर्ण पटलं असं वाटत नाही. पिंजरा हा पिंजराच, तिचं बरोबरच आहे. पण ताडोबातली टोपी आणि हा बिबट्या यांच्यात तिला पहिल्यांदा एक जनावर डोळ्यात डोळे घालून पाहता आलं आणि त्यावर प्रश्न पडला.

भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर थांबलो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा इथे भेटतात. पलीकडे छत्तीसगडची डोंगररांग. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं आणि तालुका दिवस दिवस जगापासून तुटतो, म्हणून इकडे यायचं ते दिवाळी ते फेब्रुवारी. एका माडिया म्हातारीने टोपलीत रानफळं आणली होती. जावईबापूंनी कॅमेरा काढला तसा आईने त्यांचा हात हलकेच खाली केला. "आधी इचारा जी." विचारलं. म्हातारी नको म्हणाली. आम्ही रानफळं घेतली आणि निघालो. गोटुल दाखवा, नाच दाखवा, अशा मागण्या घेऊन लोक इकडे येतात. माणसं ही बघायची वस्तू नाहीत हे मुलांना शिकवायला याहून चांगली जागा नाही.

सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडं आणि डायनासोरच्या काळचे अवशेष. तिथे जायचं राहिलं. भाचा अजून माझ्यावर रुसून आहे.

शेवटचा टप्पा आईच्या माहेरचा. गाडी चंद्रपूरला ठेवली आणि चांदाफोर्ट स्टेशनवरून गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसलो. मुलांना घेऊन जंगल पाहायचं असेल तर मी कोणालाही हीच गाडी सांगेन. केळझर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. खिडकीशी जंगल, मधेच धानाचे बांध, मधेच तलाव. सीटचा हिशेब नाही. मोहाचे लाडू विकणारी एक बाई मूलला चढली आणि नागभीडला उतरेपर्यंत आईची मैत्रीण झाली होती. याच मार्गावर चंद्रपूरच्या जवळच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. ती जागा आली तेव्हा मी काही बोलले नाही, पण गाडीचा वेग कमी झाल्यासारखा वाटला. कदाचित मलाच.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई सुरू होते. गोवारी गाई खेळवतात, ढाल घेऊन नाचतात, गावाबाहेर दुकानं लागतात आणि रात्री नाटक. धान कापणीला आलेलं किंवा घरात येऊ लागलेलं, हातात थोडा पैसा, लेकी माहेरी आलेल्या. वडसा ही या नाटकांची पेठ. एका रस्त्यावर कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, तिथे गावकरी येऊन तारखा घेतात. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या पोटातून निघालेली ही रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत चालते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांनी झाडीपट्टी कुठे आहे याचा नकाशा शोधला. काही गावांत मंडईबरोबर शंकरपटही, म्हणजे बैलांची शर्यतही, असते. २०१४ ला बंद झालेला पट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा निर्धास्त धावू लागला.

मामाच्या गावचं नाटक रात्री दहाला सुरू व्हायचं होतं. साडेअकराला झालं. पुढे गाद्या, मागे खुर्च्या, त्यामागे जमिनीवर तणीस टाकलेलं. आईने खुर्ची नाकारली. आम्ही सगळे तणसावर, दोन चादरी खाली, दोन वर. शेजारी एक कुटुंब होतं, पंधरा-सोळा जणांचं. त्यात दोन तान्ही आणि एक पणजी. त्यांनी आम्हाला न विचारता मधे सरकून जागा केली आणि चिवड्याचा डबा पुढे केला. कोणाची लेक, कोणाची सून, पुण्यात काय करता, अशी चौकशी पहिल्या अंकातच उरकली. लग्नं जुळतात ती याच तणसावर, असं मामी म्हणाली.

नाटक सामाजिक होतं, म्हणजे आई रडते, मुलगा दारू पितो, सावकार हसतो. ऑर्गन आणि ऑक्टोपॅड वाजतात, अंकाच्या मधे लावणी. भाचा दीड वाजेपर्यंत जागा होता, सावकाराला शिव्या घालत. भाची पहिल्या प्रवेशातच पणजीच्या मांडीवर झोपली होती, आमच्या नाही, त्या शेजारच्या. जावईबापू, जे पुण्यात प्रायोगिक नाटकं पाहतात आणि त्यावर बोलतात, ते तिसऱ्या अंकात नाक पुसत होते. मी पाहिलं तर म्हणाले, धूळ आहे.

पाचला पडदा पडला. धुकं इतकं की स्टेजवरचे दिवे पिवळ्या ठिपक्यांसारखे. मामाचं घर दीड कोस लांब, पोरं झोपेत, आईचे गुडघे दुखत होते. त्या शेजारच्या कुटुंबाचा ट्रॅक्टर त्याच बाजूला जाणार होता. ट्रॉलीत आधीच माणसं भरलेली, कोपऱ्यात चादरींचा ढीग, त्यात एक बकरीही.

"आम्ही सात आहोत," मी ड्रायव्हरला म्हटलं.

त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "बसा ना जी. होते."

आईला दोघींनी हात धरून वर ओढलं. बकरी थोडी सरकली.